पुंजारामच्या वतीने महादेवराव

अकोटकडच्या माणसाला आजार झाला की तो सांगण्यात कंजुषी करत नाही. गुडघा, पित्त, मोतीबिंदू हे तर एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ऐकवायचे विषय. पण मनाचं काही बिघडलं, तर ते त्याचं कधीच बिघडत नाही. 'आमच्या ओळखीचा एक जन हाय', त्याचं बिघडतं.

सबीहा शेख ही अमरावतीहून समाजकार्याची पदवी घेऊन अकोटच्या एका सेवाभावी दवाखान्यात समुपदेशक म्हणून लागली, तेव्हा तिला हे ठाऊक नव्हतं. तिच्याकडे शब्द मात्र पोतंभर होते. नैराश्य, चिंताविकार, समानुभूती, अंतर्दृष्टी, मनोसामाजिक इतिहास. तिची आई बिल्कीस म्हणायची, "बेटा, ये सब मरीज को बोल. पाहुने आये तो चुप बैठना."

पहिल्या दिवसापासून सबीहा छापील फॉर्म समोर धरून विचारू लागली, "गेल्या दोन आठवड्यांत आपल्याला दैनंदिन कामांत स्वारस्य वाटेनासे झाले आहे का?" समोरची बाई आधी मागच्या भिंतीकडे बघायची. हा प्रश्न आपल्यालाच विचारलाय की कॅलेंडरला, याची खात्री करून घ्यायची आणि म्हणायची, "नाही. मी बरी हाय." नऊ प्रश्न, नऊ वेळा बरी हाय. सबीहाच्या पहिल्या तिमाही अहवालानुसार अकोट तालुका हा पृथ्वीवरचा सर्वांत सुखी प्रदेश ठरला.

मग एक दिवस अशीच एक 'बरी' बाई उठून दारापर्यंत गेली आणि चप्पल घालता घालता म्हणाली, "हे माया जावेले विचारा लागत होतं." ती परत येऊन बसली आणि चाळीस मिनिटं जावेबद्दल बोलली. जावेला जेवण मातीसारखं लागतं, जाऊ चुलीपाशी बसून रडते, जावेच्या जिवाला कशातच गोडी नाही. पुढच्या खेपेला सबीहाला कळलं की बाईला जाऊच नाही. तिचा नवरा आईबापाला एकुलता एक होता.

त्या दिवसापासून सबीहाने फॉर्म टेबलाच्या खणात टाकला. आधी चहा, मग घरचं-दारचं, मग हळूच, "काका, तुमच्या शेजारी कोनाले झोप न येन्याचा तरास हाय का?" आणि धरणाचं दार उघडल्यासारखा अकोट तालुका बोलू लागला. तिने एक वही केली. डावीकडे पुस्तकातला शब्द, उजवीकडे माणसांचा. 'नैराश्य'समोर 'मन लागत नाही' आणि 'जेवन मातीसारखं'. 'तीव्र भयाचा झटका' यासमोर कोणी तरी सांगितलेलं 'छातीत कापसाच्या जिनिंगची मशीन सुरू होते'. रुग्णाला आपण आजारी आहोत हे उमगणं, याला पुस्तकात 'अंतर्दृष्टी' म्हणतात. तिथे सबीहाने लिहिलं, 'जाऊ नसल्याचं कबूल करणे'.

अकोल्याहून दर गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ती वही वाचली, पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, "हेच चालू ठेव." आता एवढी शाबासकी मिळाल्यावर कोण थांबतं? शेजारी, मावसभाऊ, ओळखीचा एक जण, कोणीही बोलण्यात आला की सबीहा मनातल्या मनात त्याला खोडून समोरच्या माणसाचं नाव घालायची.

अशातच महादेवराव आले. वय सत्तरीच्या आसपास, मिश्या भरघोस, आवाज शेताच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर पोचवायची सवय असलेला. "मॅडम, माया घराशेजारी पुंजाराम राह्यते," त्यांनी साऱ्या दवाखान्याला सांगितलं. "जिनिंगमंदी फिटर होता. रिटायर झाला, बायको वारली, आता नुसता बाजेवर बसून राह्यते. त्याच्यासाठी काही सांगा."

सबीहा गालात हसली. महादेवरावांनीही शेती मुलाकडे सोपवली होती, म्हणजे रिटायर. त्यांच्या पार्वताबाई जिवंत आणि धडधाकट होत्या, पण माणूस गोष्ट सांगताना थोडं इकडचं तिकडे करतोच. तिने केसपेपरावर लिहिलं, 'महादेवराव. नैराश्य. अंतर्दृष्टी नाही.' आणि 'पुंजाराम'साठी घरी करायचे तीन उपाय दिले. दीर्घ श्वसन, सकाळचं फिरणं आणि झोपेची नोंद.

दर गुरुवारी महादेवराव हजर.

"फिरला का पुंजाराम?"

"त्यो कायचा फिरते? म्या म्हनलं चाल, तर म्हने तूच जाय. मग मीच दोन किलोमीटर फिरलो."

"आणि श्वास?"

"त्यो करत नाही. म्या करून पाह्यलं. बेस हाय."

झोपेची नोंद तर पाहण्यासारखी होती. सोमवारी साडेबारापर्यंत लाइट. मंगळवारी बाज अंगणात काढली, तीनदा उठला, एकदा पाणी प्याला. बुधवारी उठून नुसता उभा. "इतकं बारीक आत्मनिरीक्षण," सबीहा डॉक्टरांना म्हणाली, "मी पुस्तकातही पाहिलं नाही." पाच आठवड्यांत महादेवरावांचं वजन दोन किलोने उतरलं, चेहऱ्यावर तजेला आला. सबीहाने अहवालात 'सुधारणा' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली.

सहाव्या गुरुवारी महादेवराव आले ते आवाज घरी ठेवून. खुर्चीत बसले आणि हळू म्हणाले, "मॅडम, पुंजारामनं पेटी देऊन टाकली. तीस वर्सं भजनात वाजवली त्यानं. बायकोले हात लावू देत नव्हता. काल आनून माया ओसरीवर ठेवली अन् म्हने, आता तुयापाशीच राहू दे."

सबीहाने पेन खाली ठेवला. जपलेली वस्तू माणूस अशी वाटून टाकतो तेव्हा आडून विचारायचं नसतं, सरळ विचारायचं असतं, हे तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. शेजारी-बिजारी बाजूला ठेवून ती म्हणाली, "काका, खरं सांगा. तुमच्या मनात मरायचा विचार येते का?"

"माया?" महादेवराव तिच्याकडे बघतच राहिले. "माया कावून येईन? येत्या महिन्यात नातीचं लगन हाय. आचारी सांगून झाला."

"मग पुंजाराम कोन हाय?"

"पुंजाराम पुंजाराम हाय. सहा हप्त्यापासून काय सांगून राह्यलो तुमाले?"

सहा आठवडे सबीहाने एका ठणठणीत माणसावर उत्तम उपचार केले होते, आणि आजारी माणूस सहा किलोमीटरवरच्या गावात बाजेवर बसून होता. केसपेपरावरच्या 'अंतर्दृष्टी नाही' या शब्दांसमोर आपलंच नाव लिहावं असं तिला वाटलं. पण वाटायला वेळ नव्हता. दोन वाजले होते आणि डॉक्टर चारला अकोल्याला निघत. तिने त्यांना गाठून चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "घेऊन ये. मी थांबते." सबीहाने महादेवरावांना स्कुटीवर मागे बसवलं. आयुष्यभर बैलांना हाकललेला हा माणूस रस्ताभर तिलाही "दमानं, माय, दमानं" म्हणत होता.

पुंजाराम अंगणात बसलेला होता. वाळलेला, दाढी वाढलेली. सबीहाला पाहून तो उठला, महादेवरावांकडे एक नजर टाकली आणि तिला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमी दवाखान्याच्या का? बरं झालं आल्या. याच्या डोक्याचं पाहा जरा. महिना झाला, माया खिडकीतून डोकावते. सकायी उठून नाकानं फुसफुस करते. मले पुसते, कितींदा उठला. चांगला मानूस होता हो."

महादेवरावांची बोलती बंद झाली. पार्वताबाईंनी नंतर सांगितलं की पन्नास वर्षांत हे पहिल्यांदाच झालं.

सबीहाने हसू गिळलं. "काका, ते सहा हप्ते माझ्याकडे तुमच्यासाठी येऊन राह्यले. तुमी पेटी देऊन टाकली म्हनून घाबरले ते."

पुंजाराम खाली बसला. "मी काही पागल नाही."

"नाही. तुमी थकले आहात." ती त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. "मरून जावं असं वाटते का, काका?"

पुंजारामने फिटरचे ते हात एकमेकांत अडकवले. मग तो म्हणाला, "वाटते. मागं कोनाले तरास नको, म्हनून पेटी देल्ली."

"मले होते ना बे तरास," महादेवराव म्हणाले. "मले वाजवता येते का ते?"

"तुले टाळ तरी कुठं आले तीस वर्सांत."

हे ऐकून महादेवरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मिशीत जाऊन अडकलं. ऑटो बोलावला. ऑटोवाल्याने विचारलं, कोण आजारी आहे? पुंजाराम पटकन म्हणाला, "महादेवले दवाखान्यात नेऊन राह्यलो." महादेवरावांनी मान डोलावली आणि खरोखरच त्याचा हात धरून बसले.

डॉक्टर थांबल्या होत्या. तासभर बोलणं झालं, गोळ्या सुरू झाल्या. एकटं राहायचं नाही असं ठरलं, तेव्हा पार्वताबाईंनी फोनवरूनच सांगितलं की बाज आमच्या ओसरीवर टाकते, अन् मधात विचार आला तर पहिले मले उठवायचं. सबीहाने स्वतःचा नंबरही मोठ्या अक्षरात लिहून दिला. याला पुस्तकात 'सुरक्षा योजना' म्हणतात. वहीत तिने उजवीकडे 'पार्वताबाई' एवढंच लिहिलं.

पुढच्या गुरुवारी महादेवराव लग्नाच्या बस्त्याला अमरावतीला गेले होते. पुंजाराम एकटा येईल याची सबीहाला खात्री नव्हती. दहाची एसटी गेली, साडेदहाची गेली. पावणेअकराला तो दारात उभा, दाढी केलेली, शर्टाची बटणं एक घर चुकलेली. खुर्चीत बसल्या बसल्या त्याने गाऱ्हाणी सुरू केली. गोळीनं तोंड कोरडं पडते. पार्वताबाईच्या चहात साखर लय. महादेव असा घोरते की ओसरी हालते.

सबीहाने सवयीने विचारलं, "बाकी, शेजारीपाजारी कसे आहेत?"

"शेजाऱ्याचं राहू द्या," पुंजाराम म्हणाला. "आज मायं लिहा. काल चार घंटे झोपलो. परवा तीनच झाले होते. अन् आता हे सांगा, पुढल्या गुरवारी किती वाजता येऊ?"