मावशी मंडईजवळ घर घेते

साऱ्या पुण्यात शांततेला घाबरणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती माझी मावशी आहे. लोक भुताला घाबरतात, पालीला घाबरतात, सोसायटीच्या सेक्रेटरीला घाबरतात; मावशी शांत खोलीला घाबरते. आईची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही, नोकरी केली ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये, ऑपरेटरची. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावावा लागे त्या काळात कानाला हेडफोन लावून तिने अर्ध्या महाराष्ट्राची उरलेल्या अर्ध्याशी गाठ घालून दिली. बारसं, बदली, भांडण, मयत, सगळं तिच्या कानावरून गेलं. त्यामुळे कुठेही दोन मिनिटं कोणी बोललं नाही की लाइन तुटली असंच तिला वाटतं. पंगतीत सगळे मुकाट्याने जेवू लागले, तर ती घास हातात धरून गंभीरपणे "हॅलो?" म्हणते.

कर्ज हवं का, म्हणून विचारणारे फोन तुम्हीआम्ही कापतो. मावशी ते माहेरचा फोन आल्यासारखे घेते. "कर्ज नको गं बाळ, पण तू जेवलीस का?" इथून सुरुवात होते. मग त्या मुलीचं गाव कुठलं, पुण्यात कुठे राहते, डबा आवडतो का, घरचे स्थळं बघताहेत का, अशी चौकशी सावकाश पुढे सरकते आणि शेवटी ती मुलगीच काकुळतीला येऊन म्हणते, "मावशी, साहेब बघतायत, ठेवते हं." बिचारीला नोकरीत पहिल्यांदाच कोणीतरी जेवलीस का विचारलेलं असतं, म्हणून आठवड्याने ती पुन्हा फोन करते. कर्जाचं नावही न काढता.

मागे तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा माझ्या मामाने, म्हणजे तिच्या थोरल्या भावाने, मोठ्या हौसेने हॉस्पिटलात स्वतंत्र खोली घेतली. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो तर खोली रिकामी, पलंगावरची चादर नीट घडी केलेली. मी डबा घेऊन तसाच बाहेर धावलो. तेवढ्यात नर्स म्हणाली, "त्या होय? त्या जनरल वॉर्डात गेल्या, सलाईनसकट." जाऊन बघतो तर मावशी दोन खाटांच्या मधोमध, आणि डावीकडच्या बाईची सासू व उजवीकडच्या बाईची भेटायला आलेली बहीण यांच्यात पाककृतीवरून जुंपलेला वाद ती मिटवत होती. मला म्हणाली, "अरे, त्या खोलीत नुसतं छताकडे बघत पडायचं. तिथे दुखणं एकटं सापडलेल्या माणसाला जास्त छळतं."

अशी ही बाई गेली कित्येक वर्षं राहत होती ते विश्रांतवाडीला मामाच्या घरी. विश्रांतवाडी हे नावच तिला टोचायचं. त्यातून मामाचा फ्लॅट सोसायटीच्या अगदी आतल्या बाजूला, आणि मामा म्हणजे आवाज न करता शिंकणारा माणूस. त्याच्या घरात दारांना रबर लावलेलं, खुर्च्यांच्या पायांना बुचं बसवलेली, मिक्सर कधी लावायचा याची वेळ ठरलेली. "अगं, विमानं जातात की डोक्यावरून, तेवढा आवाज पुरे नाही का?" असं मी एकदा गमतीने म्हटलं. ती म्हणाली, "विमानाच्या आवाजात माणूस कुठे असतो? मला माणसं ऐकू यायला हवीत." मामा आणि मामी दोघंही देवमाणसं. तिला गरम पोळी, तिची खोली, तिची औषधं, कशाची म्हणून उणीव नव्हती. म्हणूनच त्या रविवारी जेवताना तिने "मी घर घेतेय, मंडईजवळ, एका खोलीचं" असं जाहीर केलं, तेव्हा मामीच्या हातातली आमटीची पळी वाटीत न जाता ताटात रिती झाली.

"मंडईजवळ?" मामा म्हणाला. "तिथे लोक भाजी आणायला जातात. राहायला नाही."

"एजंट म्हणतो, त्याला स्टुडिओ अपार्टमेंट म्हणतात."

"स्टुडिओ कशाला? गाणं रेकॉर्ड करणार आहेस?"

मामी मात्र रडवेली झाली. "वन्सं, आमचं काही चुकलं का हो?"

मावशीने तिचा हात धरला. मग ती जे बोलली ते मी तिच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. "तुमचं काही चुकलं नाही. मला इथे काही कमीही नाही. पण दारावरची बेल वाजली की मी उघडते आणि म्हणते, थांबा हं, दादाला बोलावते. लहानपणी म्हणायचे, थांबा, बाबांना बोलावते. नोकरीत तर तेच काम होतं, थांबा, जोडून देते. आता उरलेली वर्षं मला दार उघडून 'या, बसा' एवढंच म्हणायचंय. कोणाला बोलवायला आत जायचं नाही."

मामा बराच वेळ भात कालवत राहिला. मग म्हणाला, "लोक म्हणतील, या वयात बहिणीला बाहेर काढली." आणि उठून हात धुताधुता पाठमोराच बोलला, "मी यात नाही. सहीला, साक्षीला, कशालाही मला बोलावू नकोस." मावशी हसली खरी, पण त्या दिवशी तिने दुसऱ्यांदा ताक मागितलं नाही.

शोधमोहिमेचा सारथी अर्थातच मी. मागे मावशी, पुढे मी, अशी आमची स्कूटर शनिवार-रविवारी घरं बघत हिंडायची. एजंट पन्नाशीचा, सज्जन आणि थकलेला गृहस्थ होता. आयुष्यभर त्याने लोकांना शांतताच विकलेली, त्यामुळे पहिले काही दिवस तो तीच दाखवत राहिला. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये उभं राहून तो अभिमानाने म्हणाला, "मॅडम, पिन पडली तरी आवाज येईल बघा." मावशी म्हणाली, "पिन पडल्याचा आवाज ऐकायला मी घर घेत नाहीये हो." दुसऱ्या ठिकाणी तो म्हणाला, शेजारी कोणी राहतच नाही. मावशी जिन्यातूनच परतली. तिची घर बघायची पद्धतही जगावेगळी. ती नळ सोडून बघायची नाही की भिंतीवरची ओल तपासायची नाही. खोलीच्या मधोमध उभी राहायची, डोळे मिटायची आणि ऐकायची. मग ओठ आवळून मान हलवायची, की आम्ही समजायचं, हेही गेलं.

शेवटी मंडईमागच्या गल्लीतल्या एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरची खोली निघाली. एक खोली, कोपऱ्यात ओटा, एक न्हाणीघर, आणि रस्त्याच्या बाजूला भिंतभर खिडकी. मालक कोथरूडला मुलाकडे राहणारे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी आणि एजंटने मिळून बेत केला होता, आणि त्यांच्या बाजूने विचार केला तर तो शहाणपणाचाच होता. आधीची गिऱ्हाइकं खिडकी उघडताच पळाली होती, म्हणून आम्हाला बोलावलं ते भर दुपारी, गल्ली पेंगत असताना. वर खिडकी घट्ट बंद. मावशीने खोली बघितली आणि तिचा चेहरा उजळला. मग तिने डोळे मिटले, कान दिला आणि चेहरा पडला.

"खोली छान आहे," ती म्हणाली. "पण फार शांत आहे हो. मला नाही जमायचं."

मालकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "शांत आहे म्हणून नको?"

"मला वाटलं होतं, मंडई आहे, जरा जाग असेल. असो, आपल्याला उगाच त्रास दिला."

ती वळली तसे मालक तिच्या आडवे आले. पुढच्या पाच-दहा मिनिटांत पुण्यातल्या घरखरेदीच्या इतिहासात कधी घडलं नसेल असं काहीतरी घडलं. "अहो, शांत कसलं! पहाटे टेम्पो येतात भाजीचे, हमाल ओरडतात, झोप लागेल तर शपथ!" मावशी थांबली. मालकांना जोर चढला. "समोर भांड्यांचं दुकान. रोज एक तरी हंडा पडतो!" एजंटने त्यांची बाही ओढली, पण आता ते ऐकणार नव्हते. "खाली फुलवाल्या बसतात, त्यांचं आपसात पटत नाही. पलीकडे बँडवाल्यांचा सराव चालतो. आणि गणपतीत तर, बाई, दहा दिवस भिंती थरथरतात! माझी बायको कंटाळून गेली, म्हणून तर हे विकायला काढलं!" आणि पुरावा म्हणून त्यांनी खिडकी धाडकन उघडली. गल्ली नुकती जागी होत होती. एक हातगाडीवाला पेरूचं नाव घेऊन असा ओरडला, की जणू पेरू त्याच्या घरचा हरवलेला मुलगा होता. खाली फुलवाल्यांपैकी एक दुसरीला म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकाला हात करू नको, सांगून ठेवते!" आणि दुसरीने त्यावर दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही. मावशी खिडकीत गेली, कठड्यावर कोपर टेकून ओणवी झाली, आणि मला पाठीवरूनच कळलं की आमची भ्रमंती संपली. एजंट कपाळाला हात लावून बसला होता. मालक घाम पुसत म्हणाले, "आता पुरे का आवाज?" मावशी म्हणाली, "आपण आधी खिडकी का नाही हो उघडलीत?"

दस्त नोंदवायच्या दिवशी मावशी लग्नाला निघाल्यासारखी नटली होती, हिरवी पैठणी वगैरे. नोंदणीला दोन साक्षीदार लागतात. ते सही करून सांगतात की ही व्यक्ती कोण आहे ते आम्ही जाणतो. एक मी होतो. दुसरा म्हणून एजंट तयारच होता, पण मावशीची नजर सारखी दाराकडे. आमचा नंबर पुकारला गेला, एजंट उठला, आणि तेवढ्यात दारातून मामा आला. इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. तो कोणाशीच बोलला नाही. एजंटच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवला आणि मला म्हणाला, "ओळख पटवायची आहे ना? तू तिला काय ओळखणार? तू तर परवा जन्मलास."

टेबलामागच्या कारकुनाने वर न बघता विचारलं, "यांना कधीपासून ओळखता?"

"पाळण्यात होती तेव्हापासून," मामा म्हणाला. "तेव्हाही झोपू देत नव्हती."

मावशी रडली नाही. ती फक्त "दादा" म्हणाली आणि पदराने उगाच चष्मा पुसत बसली. मग अंगठा लावून झाला, कॅमेऱ्यापुढे फोटो काढून झाला. पडद्यावर तो बघून तिने सांगितलं, "परत काढा. यात मी घाबरलेली दिसतेय." कारकून म्हणाला, "मॅडम, हा काही लग्नातला फोटो नाही." "माहीत आहे," मावशी म्हणाली, "म्हणूनच नीट यायला हवा." रांगेतली माणसं हसली. कारकुनाने पहिल्यांदाच वर बघितलं, आणि खरोखर दुसरा फोटो काढला. त्यात ती अशी हसतेय, की सरकारी कागदावर एवढा आनंद छापायला परवानगी तरी असते का, असा मला प्रश्न पडला.

घरात जायच्या आधी पूजेसाठी गुरुजी आले, तेव्हाही जरा घोळ झालाच. "वास्तुशांत करायची ना?" त्यांनी विचारलं. मावशी म्हणाली, "वास्तू ठेवा, शांत तेवढं गाळा." त्या दिवशी त्या एका खोलीत इतकी माणसं मावली की गणिताच्या मास्तरांनी येऊन बघावं. एक्सचेंजमधल्या मैत्रिणी, जनरल वॉर्डातल्या दोघी, खालच्या फुलवाल्या (वेगवेगळ्या वेळी), आणि ज्यांना आत जागा नव्हती ते जिन्यात ताटं घेऊन पायऱ्यापायऱ्यांवर. दारावर पाटी होती, पितळी, आणि तिच्यावर एकट्या मावशीचं नाव. प्रत्येक माणसाला ती "या, बसा" म्हणत होती. बसायला जागा नव्हती, तरी म्हणत होती. मामा खिडकीजवळच्या खाटेवर अंग चोरून बसला होता. त्याने एकदाच विचारलं, "हे रोज असंच असतं?" मावशी म्हणाली, "रविवारी जास्त." थोड्या वेळाने बघतो तर खाली बँडचा सराव सुरू झालेला, भांड्यांच्या दुकानात एक हंडा गडगडलेला, आणि मामा भिंतीला डोकं टेकून गाढ झोपलेला. चक्क घोरत होता. मामी थक्क होऊन म्हणाली, "घरी यांना घड्याळाची टिकटिक सहन होत नाही हो!" आता दर बुधवारी मामा भाजी आणायच्या निमित्ताने बसने मंडईत येतो. भाजी विश्रांतवाडीतही मिळते, हे त्याला आम्ही कोणी सांगत नाही.

मीही जातो. परवा गेलो तर मावशीला माझ्याशी बोलायला फुरसतच नव्हती. समोरच्या गॅलरीतल्या बाईंशी खिडकीतून लोणच्याच्या मसाल्याची चर्चा चालली होती, दारात कोणीतरी वाटी घेऊन उभं, तिसरं कोणीतरी जिन्यातून हाका मारत वर येत होतं. तिने मला चहा दिला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "ये हं पुन्हा." विश्रांतवाडीला असताना मी निघालो की ती गॅलरीत येऊन उभी राहायची. माझी स्कूटर कोपऱ्यावरून वळेपर्यंत हात हलवत असायची, आणि मला घाई असली की त्या हाताचं जरा ओझंच व्हायचं. परवा खाली उतरून सवयीने वर पाहिलं. खिडकी उघडी होती, पडदा बाहेर उडत होता, आतून तिच्या हसण्याचा आवाज येत होता आणि त्यात मिसळलेले आणखी दोन-तीन आवाज. खिडकीत मात्र कोणी नव्हतं. मी हेल्मेट हातात धरून जरा वेळ तसाच थांबलो. फुलवाली म्हणाली, "अहो, गाडी काढा की, गिऱ्हाईक अडतंय." मग मीच त्या रिकाम्या खिडकीकडे बघून हात हलवला आणि निघालो.