होडीच्या कडीला बसलेला देव

कोपरगावच्या खाली गोदावरी वळण घेते, तिथं आमचं गाव आहे. वरच्या धरणातून पाणी सोडलं की फरशी पूल बुडतो आणि पलीकडचे मळे तुटतात, म्हणून आम्हाला फायबरची सरकारी होडी मिळाली. तिच्याबरोबर मोटरही आली होती. ती भिजू नये म्हणून कार्यालयात कुलूप लावून ठेवलेली आहे. मग जाताना वल्हवत जायचं आणि येताना होडीच्या नाकाडावरच्या लोखंडी कडीला बांधलेला दोर काठावरच्यांनी ओढायचा, अशी आमची आधुनिक व्यवस्था.

पलीकडच्या मळ्यात माझ्या सासूबाई एकट्या राहतात आणि कितीही विनवलं तरी हलत नाहीत. दर पावसाळ्यात पाणी बांधाला लागलं की त्यांना त्याच होडीतून आणावं लागतं. त्या अलीकडे पोचेपर्यंत माझी बायको काठावरून जागची हलत नाही.

विज्ञानाचा मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर मला आपत्ती समितीत घेतलं. समितीचं काम म्हणजे पावसाळ्यापूर्वी चहा पिणे. मी मात्र उत्साहानं होडी बघायला गेलो. बघतो तर कडीच्या जागी देव!

खंडेनवमीला आपल्याकडे कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग होडीनंच काय पाप केलं? पहिल्या वर्षी हळदकुंकू वाहून कडीवरच नारळ फोडला. पुढच्या वर्षी कुणीतरी तेलात शेंदूर कालवून थापला. तो दर वर्षी थापत गेले, कडी गुबगुबीत झाली, मग तिला चांदीचे डोळे आले आणि नवी जोडपी जोडीनं पाया पडू लागली. शेंदूर तसा गंजाला अडवतो, पण स्वच्छ लोखंडावर लावला तर. आम्ही तो नारळाच्या पाण्यात भिजलेल्या गंजावर लावत होतो. ज्या कडीवर सगळ्यांचा जीव, तिलाच आम्ही मोठ्या भक्तिभावानं सडवत होतो. मला भयंकर राग आला.

मी डिझेल, पॉलिश पेपर आणि तारेचा ब्रश घेऊन बसलो, तोच समितीचे अध्यक्ष धावत आले.

"सर, देवाला तारेच्या ब्रशनं घासता व्हय?"

"देवाला नाही, कडीला."

"बाकीच्या कड्यांना चंदेरी रंग मारू की. तहसीलचं सायेब लांबूनच बघत्यात."

मी मागच्या बाजूनं नुसतं खरवडलं. गंजाचे पापुद्रे सुटले आणि देव डोळ्यांसकट माझ्या हातात आला. शेंदराच्या आत जाड कडी सुतळीएवढी उरली होती. वर्षानुवर्षं माझ्या सासूबाई त्या सुतळीच्या भरवशावर नदी ओलांडत होत्या. अध्यक्षांना वाटलं, देव कोपला.

तातडीची सभा झाली. कडी का तुटली यावर कुणी बोललं नाही, मी आंघोळ करून ब्रश हातात घेतला होता का, यावर पुष्कळ बोलले. शेवटी देव घाटावरच्या कोनाड्यात बसवायचा आणि पाप माझ्या माथी मारायचं, असं एकमतानं ठरलं. मी जस्ताचा मुलामा दिलेली नवी कडी आणून बसवली. बाकीच्या कड्या लोखंड चमकेपर्यंत घासल्या, त्यांना रेड ऑक्साईड दिला. नव्या कडीला गॅरेजमधलं काळं वंगण जाड फासलं. होडीकडे बघून मला अभिमान वाटला. गावाला होडी बोडकी वाटली.

त्या पावसाळ्यात पाणी सुटलं, तेव्हा दोघा पोहणाऱ्यांबरोबर मीही गेलो. सासूबाई डोक्यावर गाठोडं घेऊन बांधावर उभ्या होत्या. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं होतं.

"जावईबापू, पुढचा देव कुठं गेला?"

"घाटावर बसवलाय, मामी. चला लवकर."

"मंग मी न्हाई बसत. देवाबिगर ह्यो नुसता डबा हाय."

मी तिथं, वाहत्या पाण्यात, जस्त आणि लोखंड यांवर व्याख्यान दिलं. वर्गातली पोरं निदान मान डोलवायची. यांनी तेही केलं नाही. बांध दिसेनासा झाला. समोर गावाच्या काठावर बायकोचं हिरवं लुगडं दिसत होतं. हिला सांगू काय, की कडी भक्कम होती म्हणून तुझी आई मागं राहिली?

सासूबाई पुढं झाल्या. त्यांनी कडी चाचपली, बोटाला लागलेलं काळं बघितलं.

"बुक्का हाय व्हय?"

"होय, मामी," मी म्हणालो. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेल्या तोंडानं म्हणालो.

त्यांनी बोट नाकाशी नेलं. "वास लई घान येतोय बुक्क्याला," म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं, पलीकडच्या लेकीकडे बघितलं. मग ते बोट स्वतःच्या कपाळाला लावलं, उरलेलं माझ्या कपाळाला पुसलं आणि गाठोडं माझ्या हातात देऊन होडीत बसल्या.

दोर ताणला, कडी हलली नाही. काठावर अध्यक्ष "देवानं तारलं!" म्हणून ओरडत होते. बायको गुडघाभर पाण्यात उतरली होती. तिनं आईला घट्ट धरलं, आमची दोघांची काळी कपाळं बघितली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

घरी आल्यावर कपाळावरचं वंगण साबणानं निघेना. मी घासायला आणखी काही शोधू लागलो, तर बायको म्हणाली, "राहू द्या आज."