‘सुकते’ नव्हे, सुकती

मला राग पटकन येतो, पण जाताना काही पटकन जात नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या रागापायीच घडलं.

निवृत्त झाले आणि कामोठ्याच्या चित्रपट रसास्वाद वर्गात नाव घातलं. नवरा म्हणाला, "पिक्चर बघायला शिकवणी? आता जेवायचा पण क्लास लाव." म्हटलं, तू बस टीव्हीसमोर. दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही पंचवीसेक जण जमायचो, सगळे साठीच्या अलीकडचे-पलीकडचे. खिडक्यांना काळा कागद लावलेला, पडदा एका बाजूने जरा उतरता. सर मुंबईच्या कॉलेजात उभी हयात सिनेमा शिकवून आलेले. कॅमेरा कुठे ठेवलाय, तिथेच का ठेवलाय, शॉट किती वेळ टिकला, हे सगळं ते इतकं रंगून सांगायचे की मी घरी येऊन मालिकांमधले कट मोजायला लागले. नवरा वैतागला. मला मात्र फार बरं वाटत होतं. तीस वर्षं सरकारी कचेरीत फायली बघितल्या होत्या, आता कुठे डोळ्यांना दुसरं काम मिळालं होतं.

एक गोष्ट तिथे कोणाला माहीत नव्हती. मी पनवेलच्या खाडीकाठची, कोळ्याची मुलगी. लपवलं होतं असं नाही, पण सांगितलंही नव्हतं. कचेरीत लागल्यावर पहिल्या महिन्यात एकदा ‘पानी’ म्हणाले होते आणि अख्खं टेबल हसलं होतं. त्यानंतर मी ण घासूनपुसून असा लखलखीत केला की कोणी विचारावं, तुम्ही पुण्याच्या का? मला त्याचा अभिमानही वाटायचा. आता सांगायला लाज वाटते, पण वाटायचा.

तर त्या शनिवारी सरांनी कोळीवाड्यातला एक जुना कृष्णधवल चित्रपट दाखवला. त्यात एक प्रसंग आहे. कोळीण एकटीच धक्क्यावर येऊन उभी राहते. समोर खाडी. दोन मिनिटं संवाद नाही, संगीत नाही, नुसता वारा. सरांनी चित्र थांबवलं आणि म्हणाले, "प्रतीक्षा! नवऱ्याच्या होडीची वाट बघतेय ती." सगळ्यांनी वह्यांमध्ये ‘प्रतीक्षा’ लिहून घेतलं.

मी लिहिलं नाही. कारण तिच्या समोर नुसता चिखल होता, आणि चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या. पाणी पार उतरलेलं. अशा वेळी कुठली होडी येणार? माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, पण सुकती हाय ती!"

आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. सरांना ते काय ठाऊक! त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "वा! फक्त ‘सुकती’ नाही, ‘सुकते’. सुकते आहे ती, विरहाने. सुंदर निरीक्षण." मागून खांदेश्वरचे निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "मॅडमना सुकट आठवली वाटतं." हॉल खदखदून हसला.

माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला! आणि बोलले काय? काही नाही. हसले. सगळ्यांबरोबर मीही हसले, त्याचाच राग जास्त आला. शेवटच्या वर्गात प्रत्येकाने आवडत्या प्रसंगावर दहा मिनिटं बोलायचं होतं. मी एक गाणं निवडून ठेवलं होतं, सोपं, कोणी हसणार नाही असं. घरी येऊन ते टिपण फाडलं. बोलेन तर ह्याच प्रसंगावर, नाहीतर पुन्हा तिथे पाऊल टाकणार नाही. पण मनात धाकधूक होती. समजा माझंच चुकत असेल तर? मी खाडी सोडून चाळीस वर्षं झाली होती.

म्हणून आईकडे गेले. आई गावात भावाजवळ असते. ऐंशी ओलांडली तरी नजर अशी की टोपलीतला शिळा मासा लांबूनच ओळखेल. सरांनी तो प्रसंग वर्गाच्या ग्रुपवर पाठवला होता, तो मोबाईलवर लावून दिला. आईने मोबाईल हात लांब करून धरला.

"ही आता कशाला उभी? सुकती हाय ना."

मी म्हटलं, "होडीची वाट बघतेय. सर म्हणाले."

"तुजा सर येरा हाय," आई म्हणाली. ड चा र करून बोलतो आम्ही, त्यामुळे सर वेडे ठरले ते येरे होऊन. "सुकतीला कंची होरी येते? ती रराला आलीय."

"रडायला? तुला कसं कळलं?"

"मी नाय जायची? तुला करेवर घेऊन?"

आईच्या कडेवर बसून धक्क्यावर जाणं ही माझी सगळ्यात जुनी आठवण. आम्ही बाबांची होडी बघायला जायचो, हे मी माझ्या मुलांनाही कितीदा सांगितलंय. आठवणीत चिखल होता, खेकडे पळत होते. होडी मात्र कधीच आली नव्हती, आणि उभ्या जन्मात मला ते खटकलं नव्हतं.

"घरान बारा मानसा," आई म्हणाली. "रराचा कुटं? सुकतीला धक्क्यावर कोन नसतं. भरती आली का मानसा येतात, मंग तोंड धुवाचा न घरी जायाचा."

"पण रडायचीस कशाला?"

"आता काय आठवतंय! व्हता काय काय."

शेवटच्या वर्गाला मी तिला रिक्षाने घेऊन गेले. आणि बघा माझा शहाणपणा, वाटेत तिला बजावलं, "आये, मध्ये बोलू नको हां." ती म्हणाली, "नाय बोलत." तिला मागच्या रांगेत वर्गातल्या करंजाड्याच्या बाईंशेजारी बसवलं आणि ओळख न करून देताच पुढे आले. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय.

माझी पाळी आली. म्हटलं, "सर, त्या दिवशी मी ‘सुकते’ म्हणाले नव्हते. सुकतीच म्हणाले होते. सुकती म्हणजे ओहोटी. ओहोटीला होडी खाडीत येत नाही, आणि हे त्या कोळणीला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. ती वाट बघायला आलेली नाही. भरल्या घरात रडायला जागा नाही म्हणून आली आहे." मग म्हटलं, "हे मला एका जाणत्या बाईंनी सांगितलं." एका बाईंनी! आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

सर पडद्याकडे वळले. चांगला माणूस हो, रागावले नाहीत. म्हणाले, "तीस वर्षं हा शॉट शिकवतोय आणि मी पाणी बघितलंच नाही. पुन्हा लावा." मी जागेवर येऊन बसले, दिवे बंद झाले. पडद्यावर कोळीण आली, चिखल आला, वारा आला. आता हॉलमध्ये सगळेच तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघत होते. इंजिनिअरसुद्धा पुढे वाकून बसले होते. आणि मागच्या रांगेतून आवाज आला, अगदी सहज, शेजारणीशी बोलावं तसा.

"रर गो बाय, रर. भरतीला आजून येल हाय."

कोणी हसलं नाही. येल म्हणजे वेळ, हे कोणाला सांगावं लागलं नाही. पडद्यावरच्या बाईने तेव्हाच पदर तोंडाला लावला, आणि माझ्या दोन्ही बाजूंनी नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले.

दिवे लागले. सर मागे वळून बघत म्हणाले, "ह्या कोण?"

मी उभी राहिले. खाडीच्या ह्या काठावरून त्या काठाला हाक मारतात, तेवढ्या मोठ्याने म्हणाले, "माजी आय हाय ती."