बोहनीची पेटी

बोईसर स्टेशनाबाहेर कुंभवलीच्या रिक्षात सकाळी बहुतेक वेळा मीच पहिली बसते. रिक्षावाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही, पण खोड चांगली ठाऊक आहे. हँडलजवळ मोबाइल अडकवलेला, त्यात बंदुकांचा खेळ. अहो, शेजारून ॲसिडचे टँकर जातायत आणि ह्याचा डोळा त्या खेळातल्या पेटीवर! माझा जीव मुठीत.

"आधी जिंकलं की पेटी फुकट उघडायची, मावशी. आता चावी इकत घ्यावी लागते."

"आत असतं काय?"

"बंदुकीचा नवा रंग."

"रंगाने नेम लागतो का रे मेल्या?"

"नाय वो. पण उघडायच्या आधी छातीत धडधडतं ना, त्याच्यासाठीच हाय सगळं."

काल रिक्षा अजून भरायची होती. तो म्हणाला, "बोहनी तुमची, तर पेटी पण तुमीच उघडा." मी बोट टेकवलं. पेटी थरथरली, उजेड फुटला, आणि निघाला तोच जुना मातकट रंग.

"दुसरी आहे का रे?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो हसला नाही. मोबाइल खिशात टाकत म्हणाला, "मी पण पयल्यांदा हेच इचारलेलं, मावशी."

कुंभवली येईपर्यंत ते बोट मी पदरात गुंडाळून बसले.