खालच्या ओळीतलं गाव

माझे मामा पस्तीस वर्षं पोस्टाच्या सॉर्टिंगच्या खोलीत उभे होते. समोर लाकडी खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा. पत्ता वाचायचा, पत्र त्या गावाच्या खणात टाकायचं. असं करत त्यांनी चारशे गावं तोंडपाठ केली आणि एकाही गावात पाऊल टाकलं नाही. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना खेड्यांतली बंद पडलेली पोस्टं शोधायचा नाद लागला. नादाला गाडी लागते, गाडी माझ्याकडे होती, म्हणून माझे रविवार गेले.

पोस्ट म्हणजे निदान इमारत असेल, अशी माझी भाबडी समजूत. बहुतेक ठिकाणी ती कुणाच्या तरी घराची पुढची खोली निघायची आणि आता तिथे कोंबड्या असायच्या. मामा कोंबड्यांसमोर टोपी काढून उभे राहायचे, वहीत तारीख लिहायचे. मी गाडीत बसून जांभया द्यायचे.

अशी एकोणतीस सापडली. हवं होतं ते मामीच्या माहेरचं. दगडखाणीवरच्या कामगारांचं गाव होतं ते. खाण संपली, माणसं पांगली, नकाशातून नावही गेलं. मामीचे वडील तिथले मास्तर, आणि पोस्ट त्यांच्याच पुढच्या खोलीत. मामी आठ वर्षांची असताना ते घर सुटलं. आता तिची नजर कडेकडून विझत चालली होती. डॉक्टरांनी फार तर दोन वर्षं सांगितली. दिसतंय तोवर तुला तुझं घर दाखवतो, असा मामांनी शब्द दिला. कुठे शोधतोय हे मात्र तिला सांगायचं नाही, एकदम नेऊन उभं करायचं, असा त्यांचा बेत.

शोधायची रीतही त्यांचीच. खणांच्या भिंतीत ते गाव सगळ्यात खालच्या ओळीत, दोन डोंगरी गावांच्या मधे होतं. म्हणजे जमिनीवरही तिथेच असणार, यात मामांना तिळमात्र शंका नव्हती. आम्ही दोन वर्षं तो डोंगर पालथा घातला. मेंढपाळ आम्हाला ओळख दाखवू लागले. शेवटी मामांच्या जुन्या सहकाऱ्याने हसू दाबत आठवण करून दिली की, ज्या गावांना पत्रं कमी ती खालच्या ओळीत टाकली होती, कंबर कमी वाकावी म्हणून. आणि ती मांडणी केली होती साक्षात मामांनी.

मी सरळ मामीकडे गेले. ती चाचपडत मटार सोलत होती. तुमच्या गावाला टपालाची थैली यायची कशी, मी विचारलं.

"होडीतून," ती म्हणाली. "धक्क्यावरून वर चढलं की आमचं घर."

"हे मामांना कधी सांगितलं नाहीस?"

"त्यांनी कधी विचारलं नाही. म्हटलं, पोस्टातला माणूस, त्यांना ठाऊक असेल."

मामांना जाब विचारला तर ते प्रामाणिकपणे गोंधळले. ज्याचं पत्र त्यालाच पत्ता विचारायची खात्यात पद्धत नव्हती म्हणे. मला त्यांचा मनापासून राग आला.

होडीने टपाल जायचं अशी नदी आमच्याकडे एकच. पुढच्याच रविवारी मामीलाही गाडीत घेतलं, आणि तासाभरात जुना धक्का सापडला. मामीला तोवर उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. वर झुडपांत पंचवीस-तीस पडक्या भिंती होत्या, सगळ्या एकसारख्या. मामा वही उघडून चारी दिशांना बघत राहिले. मग त्यांनी वही मिटली.

"कुठे जायचं गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

तिने त्यांचा हात धरला आणि पावलं मोजत निघाली. एका भिंतीशी थांबून ती दगड चाचपत खाली वाकली, आणि पत्र टाकायच्या फटीत तिने मनगटापर्यंत हात घातला.

"हेच," ती म्हणाली. "आता सांगा, कसं दिसतंय?"

मामांनी भिंत वाचायला घेतली. वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे, एकेक दगड, एकही न गाळता. मी घड्याळ पाहिलं नाही. खालच्या ओळीत तिच्या हातापाशी आले, तेव्हा त्यांना पुढे वाचवेना.