जैसे थे बाई

बाईंना कुणी कानात काही सांगितलेलं आवडत नसे, कारण उत्तर कानात देणं त्यांना जमत नसे. स्टाफरूममध्ये कुणी हळूच म्हणावं, "आज मुख्याध्यापिकांचं डोकं फिरलंय," आणि बाईंनी मनापासून काळजीने विचारावं, "का, काय झालं त्यास्नी?" की पलीकडच्या खोलीत बसलेल्या मुख्याध्यापिकांनाही ते कळे. बारामतीच्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या कवायत आणि खेळ शिकवत. मैदानाच्या या टोकाला उभ्या राहून त्या पलीकडच्या टोकाच्या मुलीला रिबीन सुटल्याचं सांगत, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या बायकाही आपापल्या वेण्या चाचपून बघत. मुली त्यांना 'जैसे थे बाई' म्हणत. मी गणित शिकवायचे, म्हणून त्या मला नुसतं 'गणित' म्हणत. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

'जैसे थे' हा कवायतीतला हुकूम. हात भलतीकडे गेले, रांग बिघडली, की तो द्यायचा आणि सगळ्यांनी आधी होते तसं परत उभं राहायचं. बाईंनी हा हुकूम मैदानाबाहेर काढला होता. एसटीत रेटारेटी झाली की 'जैसे थे', स्टाफरूममध्ये दोघींचं वाजलं की दोघींना मिळून एक 'जैसे थे', आणि दूध उतू जाताना पातेल्यालाही तोच. दूध सोडून बाकी सगळे ऐकत. एका नव्या शिक्षिकेने एकदा त्यांना लग्न का केलं नाही म्हणून विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "मी पळत हुते. कुणाला घावलेच न्हाय." तरुणपणी त्या खरोखरच शर्यतींत धावत, त्यामुळे त्या बिचारीला हसावं की नाही हे कळेना.

आम्ही दोघी कालव्याजवळ आबांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. आबा ऊसवाले, स्वभावाने मोकळे. त्यांचा जीव कशात असेल तर त्या खोल्यांच्या दारात. जुन्या घराचं सागवानी दार त्यांनी काढून आणून इथे बसवलं होतं आणि येता-जाता ते त्यावरून हात फिरवत. मला ते घर पसंत होतं. मी वस्तू जागच्या जागी ठेवणारी बाई आहे. सकाळी ज्या खुंटीला पिशवी लावली तिथेच ती संध्याकाळी असावी, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा असते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मॉनिटर आला आणि तेवढीही राहिली नाही.

मॉनिटर म्हणजे कुत्रा. बाईंचं माहेर शेळगावचं. घरात पूर्वीपासून मेंढरं. भावाने ती विकली आणि तो एमआयडीसीत कामाला लागला. मेंढरं टेंपोत भरून गेली आणि मागे हे वर्षाच्या आतलं तांबडं कुत्रं उरलं. एका रविवारी भाऊ त्याला पोत्यात घालून, मुंडकं तेवढं बाहेर ठेवून, मोटारसायकलवरून घेऊन आला. "आक्का, ह्याला हितंच ऱ्हाऊ दे. माझ्या खोलीत मलाच जागा न्हाय." मी स्पष्ट सांगितलं की मला कुत्री आवडत नाहीत. बाई म्हणाल्या, "आवडून घ्या कोण म्हणतंय? शेजारी म्हणून ऱ्हावा." वर्गातल्या सगळ्यात दंगेखोर मुलीला मॉनिटर करायचं, म्हणजे ती आपोआप सुधारते, असा बाईंचा अनुभव होता. म्हणून याचं नाव मॉनिटर.

कवायत तो भराभर शिकला. 'सावधान' म्हटलं की चारी पाय रोवून ताठ, 'विश्राम' म्हटलं की धपकन खाली. आमच्यासमोर तो शाळा-तपासणीच्या दिवशीच्या वर्गासारखा असे. आम्ही शाळेत गेलो की मात्र त्याच्या अंगातली सगळी ताकद घरावर निघे. माझ्या गादीतला कापूस त्याने दोन्ही खोल्यांत समान वाटला. चपला खाल्ल्या. फळ्यावर वर्तुळं काढायचा माझा लाकडी कंपास एका बाजूने कुरतडला, आणि त्या वर्षी माझ्या सगळ्या वर्तुळांना एक पोचा येत असे. मुली ते पोच्यासकट वहीत उतरवून घेत. बाईंनी त्याला रस्सीखेचीच्या जुन्या दोराने बांधलं. तो दोर त्याने दुपारपर्यंत संपवला. खुर्चीच्या पायांना मिरचीपूड लावून झाली. तिने तो दोनदा शिंकला आणि मी आठवडाभर डोळे पुसत होते.

आणि दार. आम्ही बाहेर पडलो की तो आतून सागवानी दारावर पंजे मारी. आबांनी एक दिवस ते ओरखडे पाहिले. ते ओरडले नाहीत. दारावर हात ठेवून म्हणाले, "बाई, दिवाळीला माझं पावणं येत्यात. तवर कुत्रं शानं करा. न्हाय जमलं तर कुत्रं घालवा, न्हायतर खोल्या मोकळ्या करा." बाईंचं उत्तर मला ठाऊकच होतं. कुत्र्याला त्या घालवणार नव्हत्या. मला त्या एवढंच म्हणाल्या, "तुमी ऱ्हावा हितंच. म्या बगते दुसरीकडं." मला ते आवडलं नाही. कुत्रा मला नको होता हे खरं, पण बाईंशिवायचं घर हवं होतं असंही नव्हतं, आणि हे माझं मला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

उलगडा झाला तो अचानक. कुणीतरी मोठं माणूस गेलं म्हणून शाळा मध्येच सुटली आणि आम्ही भलत्याच वेळी घरी आलो. खोली जशीच्या तशी होती. मॉनिटर झोपेतून उठला होता. बाई खाली बसून बुटाच्या नाड्या सोडू लागल्या. तो त्यांच्याभोवती घुटमळला, वाट पाहिली, मग माझ्या खाटेवरची उशी ओढून आणून त्याने खोलीच्या मधोमध ठेवली. दातांनी तिला एक चीर दिली आणि बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. आणखी एक चीर, परत बाईंकडे. बाईंनी सवयीने 'जै' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "गणित, ह्यो आपलीच कवायत घेतोय."

रोज काय होत होतं ते तेव्हा आमच्या लक्षात आलं. दार उघडायचं, बाईंनी 'जैसे थे' अशी आरोळी ठोकायची आणि आबांना कळायच्या आत आम्ही दोघींनी कापूस, चिंध्या, चपला गोळा करत या खोलीतून त्या खोलीत धावायचं. मॉनिटर आमच्या मागे-पुढे. दिवसभर एकट्याने काढल्यावर त्याच्या वाट्याला येणारी मोठी मजा म्हणजे हीच. आमच्या हिशेबी ती शिक्षा होती, त्याच्या हिशेबी तो खेळ होता, आणि खेळ सुरू करायचा तर आधी काहीतरी फाडावं लागतं एवढंच तो शिकला होता. बाईंनी त्याला बोलावून त्याचं डोकं खाजवलं. "शिकीवणारीचीच चूक हाय," म्हणाल्या.

त्या दिवसापासून घरात 'जैसे थे' बंद. दार उघडून मुकाट्याने आत यायचं, पसाऱ्याकडे आणि कुत्र्याकडे बघायचंसुद्धा नाही, चहा टाकायचा. तो शांत बसला की मगच लाड. मला हे सोपं होतं. बाईंना गप्प बसणं जमेना. दोन-तीनदा हुकूम निसटला आणि सगळं मुसळ केरात गेलं. शेवटी त्यांनीच उपाय काढला. दाराबाहेर बाटलीतल्या पाण्याचा घोट तोंडात घ्यायचा, गाल फुगवून आत शिरायचं आणि मॉनिटर बसेपर्यंत तो गिळायचा नाही. मी जन्मात कुणाच्या तोंडावर हसले नाही, पण ते तोंड बघून मला चहा सांडेपर्यंत हसू आलं. सकाळी बाई त्याला घेऊन कालव्याच्या कडेने दम लागेपर्यंत पळत. दोराच्या गाठीत भाकरीचे तुकडे कोंबून त्या घरात लपवून ठेवत, म्हणजे दिवसा त्याला काहीतरी उद्योग. माझी गादी वाचली.

दारावरचे पंजे मात्र थांबले नाहीत. हा खेळ नव्हता, आम्ही निघालो की त्याचा धीर सुटत होता. बाई म्हणाल्या, "मेंढरं टेंपोत गेली ती ह्यानं बगितल्यात. ती परत आली न्हाईत. ह्याला वाटतंय, दारातनं गेलेलं माघारी येत न्हाय." मग त्यांनी त्याला नवा धडा द्यायला घेतला. दाराबाहेर पाऊल टाकायचं आणि लगेच परत. मग नळापर्यंत जाऊन परत. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. जाताना निरोप नाही, लाड नाही, मागे वळून बघणं नाही. "शर्यतीचं आसंच आसतं, गणित. आंतर हळूहळू वाढवायचं." मीही त्यांच्यासोबत जायचे आणि यायचे. दोन शहाण्या शिक्षिका सुट्टीच्या दिवशी सारख्या स्वतःच्या घरातून बाहेर पडतात आणि परत आत जातात, हे पाहून आबांनी शेवटी बायकोला विचारलं की या दोघींचं बरं आहे ना.

दिवाळीला दारावर जुने ओरखडे होते, नवा एकही नव्हता. आबांनी ते बोटाने तपासले, पाहुण्यांसमोर मॉनिटरने 'सावधान' करून दाखवलं, आणि आबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दार तरी राखतंय." खोल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

काही वर्षांनी संस्थेने बाईंची बदली इंदापूरच्या शाळेत केली. सोबत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी, राहणं तिथेच, आणि तिथे कुत्रं चालणार नव्हतं. डाळजला त्यांचे एक नातेवाईक होते, पण त्यांचं घर हायवेला लागून, कुत्रं गाडीखाली यायची भीती. बाई मला काही विचारत नव्हत्या, नुसत्या दोन दिवस हळू बोलत होत्या, आणि ते मला सहन होईना. मीच म्हटलं, "त्याला इथेच राहू द्या. मला कुत्री आवडत नाहीत, पण याची सवय झालीय." निघायच्या दिवशी त्यांनी बॅग उचलली, पाण्याचा घोट तोंडात घेतला आणि गाल फुगवून, मागे न बघता दाराबाहेर गेल्या. मॉनिटर दाराकडे बघत बसून राहिला. त्याने काही फाडलं नाही, काही ओरबाडलं नाही. रविवारी बाई आल्या.

त्या येत राहिल्या. बहुतेक रविवारी इंदापूरहून एसटीने यायचं, त्याला कालव्यावर पळवायचं, माझ्या हातच्या भाताला नावं ठेवायची आणि संध्याकाळी पाण्याचा घोट घेऊन जायचं. अंतर आता इंदापूरपर्यंत वाढलं होतं, एवढंच. पुढे पळणं कमी झालं. दोघंही कालव्याच्या कडेला बसून राहत. वय झालं असेल, असं मी धरून चालले.

थंडी सुरू झाल्यावर एका रविवारी निघताना बाईंनी पाणी घेतलं नाही. दारातून परत आत आल्या, खाली बसल्या, मॉनिटरचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाल्या, "येते रं, मॉनिटर." मी म्हटलं, "बाई, नियम." त्या म्हणाल्या, "एक डाव चालतंय, गणित."

त्याच थंडीत त्या गेल्या. आजार बराच आधीपासून होता आणि वसतिगृहात, माहेरी, मला, कुणालाही त्यांनी तो कळू दिला नव्हता. ज्या बाईंच्या पोटात वेणीची रिबीनसुद्धा राहत नसे, त्यांनी तेवढी एक गोष्ट गुपचूप ठेवली. मला त्यांचा राग आला. आजही येतो.

शेळगावहून सगळं उरकून मी परत आले तेव्हा दिवस मावळत होता. दार उघडलं. खोली जशीच्या तशी होती, पिशवीची खुंटी, खाट, कुरतडलेला कंपास, सगळं सकाळी ठेवलं तिथेच. मॉनिटर आता जड झाला होता, तो सावकाश उठला, माझ्या पायांचा आणि साडीचा वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि माझ्या बाजूने मान काढून मागे दाराकडे बघू लागला. मी माझी उशी आणून खोलीच्या मधोमध त्याच्यासमोर ठेवली. माझा आवाज मुळात शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही, तरी जेवढ्या मोठ्याने जमलं तेवढ्या मोठ्याने म्हटलं, "जैसे थे."

त्याने उशीला तोंड लावलं नाही. तो दाराकडेच बघत बसला. गेलेलं माणूस परत येतं, हे आम्ही त्याला फार नीट शिकवलं होतं.