घुम्यांची वही

हे कामाला होते त्या वाडीच्या गोदामातून ड्रायव्हर निरोप घेऊन आला, तेव्हा मी शेजारणीशी बोलत उभी होते. तो दोनदा "बाई" म्हणाला, तरी मी वाक्य पूर्ण केलं आणि मगच वळले... हे खुर्चीतच गेले होते, कोणाला हाक न मारता. हाक मारणं यांच्या स्वभावातच नव्हतं. भाजीवाल्याशी घासाघीस, पाहुण्यांचं आगतस्वागत, लेकीच्या लग्नाची बोलणी, सगळं मीच केलं. 'हो', 'बरं' आणि 'पाहू' एवढ्यावर यांचा संसार चालला.

पण दोन-अडीच महिन्यांनी टपालाने एक जाड वही यायची, आणि मग यांच्या हाताला खळ नसे. कुठल्याशा साप्ताहिकातली छोटी जाहिरात वाचून यांच्यासारख्याच सात-आठ घुम्या माणसांनी ती सुरू केली होती. नरखेडचे संत्रेवाले, उमरेडचा एक विणकर, मौद्याची एक नर्स... कोणी कोणाला भेटायचं नाही, आठ दिवसांत आपलं लिहून वही पुढच्याला पाठवायची, एवढाच नियम. वाचता वाचता हे हसायचे. नर्सच्या पानांवर जरा जास्तच हसतात, असं मला वाटे आणि माझा नुसता जळफळाट होई.

"काहून हो, तिथं एवढं काय लिहून राहिले? मले तर दोन शब्द नाही बोलत."

"तिथं बोलावं नाही लागत वं," एवढंच म्हणाले.

एकदा वही आली ती मी तांदळाच्या डब्यात लपवली. यांनी काही विचारलं नाही. रोज कामावरून आले की टेबलाकडे एकदा बघायचे, बस. तीन आठवड्यांनी मीच ती टेबलावर आणून ठेवली. उघडली तशी पानांतून चार तांदूळ पडले. यांनी ते वेचून डब्यात टाकले आणि लिहायला बसले.

तेराव्यानंतर वही पुन्हा आली. आधी नर्सचंच पान शोधलं, खोटं कशाला सांगू. तिने यांना लिहिलं होतं, 'या खेपेला काहूनबाई काय म्हणाल्या ते सविस्तर कळवा.' खाली विणकराचंही तेच मागणं. मग यांची जुनी पानं काढली. पानोपान माझंच बोलणं! भाजीवाल्याशी झालेलं भांडण, मी केलेली शेजारणीची नक्कल, ऊठसूट विचारलेले माझे सगळे 'काहून'. तांदळाच्या वेळचं पानही सापडलं : 'वही माझ्या हातून गहाळ झाली होती. उशीर माझ्यामुळे झाला.' ही माणसं मला नावं ठेवत असतील असं वाटायचं. त्यांनी खरंच नाव ठेवलं होतं.

हे कळल्यावर तरी जळणं थांबावं की नाही? नाही थांबलं. यांच्या तोंडून ते नाव मी एकदाही ऐकलं नाही, आणि मौद्याच्या परक्या बाईला ते पाठ!

आठ दिवस कधीच उलटले. 'वही पोचली ना?' म्हणून नर्सचं यांच्या नावे कार्ड आलंय. हे गेल्याचं त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. तेच कळवायला काल मी वही घेऊन बसले. मी, जन्मभर बोलत आलेली, तासभर कोऱ्या पानासमोर... शेवटी 'उशीर माझ्यामुळे झाला' एवढंच लिहिलं, खाली 'काहूनबाई' अशी सही केली आणि वही परत तांदळात ठेवली.